बाईल अॅसिड टेस्टचं होम कलेक्शन: रक्त नेलं झकास, रिपोर्टने रडवलं

स्टार ३. रक्त घ्यायला आलेल्या दादाला ५, कॉल सेंटरला १, मधले ३ समजा. लॅबचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण मैत्रिणींकडून ऐकलं की दुसरीकडेही साधारण हीच रडकथा आहे.

पुण्यात राहते, ३२वा आठवडा चालू होता. रात्र झाली की तळहात-तळपाय खाजायला लागायचे, म्हणजे इतके की फ्रीजमधली बाटली पायाखाली धरून दोन-दोन वाजेपर्यंत बसायचे. अंगावर गांधी नाहीत, पुरळ नाही, दिसतात ते फक्त माझ्याच नखांचे ओरखडे. सासूबाई म्हणाल्या पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव. लावलं. आई फोनवर म्हणाली उष्णता वाढली असेल, गुलकंद खा. तोही खाल्ला, चांगला होता. शेजारच्या काकू म्हणे पोट ताणलं की खाज सुटतेच, अहो काकू पण तळपाय कुठे ताणलाय माझा?

चेकअपला निघता निघता सहज बोलले तर मॅडमनी परत खुर्चीत बसवलं. म्हणाल्या गरोदरपणात काहीजणींच्या लिव्हरमधून पित्त नीट पुढे सरकत नाही, त्यातली अॅसिड रक्तात साठतात आणि अशी खाज येते, रात्री जास्त, त्याला कोलेस्टॅसिस म्हणतात. म्हणजे सासूबाई अर्ध्या बरोबर होत्या, पित्तच होतं, फक्त आमसुलाने जाणारं नव्हतं. डोळे पिवळे व्हायलाच हवेत असंही काही नाही, बऱ्याच जणींना होत नाहीत. एलएफटी (लिव्हरची नेहमीची रक्ततपासणी) आणि सीरम बाईल अॅसिड (रक्तात साठलेली तीच पित्तातली अॅसिड मोजणारी) अशा दोन टेस्ट लिहून दिल्या.

आता लॅबचं. कॉल सेंटरची मुलगी म्हणते मॅम एलएफटीत सगळं येतं, वेगळी कशाला करताय. नाही येत!! एलएफटीत बिलिरुबिन, एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की वाढणारं एन्झाइम) वगैरे असतं, बाईल अॅसिड वेगळी मागावी लागते, चिठ्ठीचा फोटो दोनदा पाठवला तेव्हा कुठे ती टेस्ट बुकिंगमध्ये दिसली. वर मेसेज आला की १० तास उपाशी राहा. ८ महिन्यांची बाई १० तास उपाशी?? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या गरज नाही, उलट जेवल्यावर आकडा वाढतो आणि तो वाढलेलाच आपल्याला बघायचाय, खाऊन घे.

दादा मात्र सोन्यासारखा. ७ ची वेळ, ६:५५ ला बेल. माझी शीर कधीच सापडत नाही, याने एका टोचण्यात काम केलं आणि नंतर १० मिनिटं कापूस दाबून धरा म्हणून बजावून गेला.

आणि मग रिपोर्ट. २४ तास सांगितलेले, आला चौथ्या दिवशी. का तर ही टेस्ट इथे होतच नाही, सॅम्पल मुंबईला जातं, हे बुकिंगच्या वेळी सांगायला काय जात होतं? ते चार दिवस मी बाळाच्या लाथा मोजत काढले, जरा शांत झालं की डाव्या कुशीवर वळायचे आणि नवऱ्याला उठवायचे, तो बिचारा झोपेतच विचारायचा आला का रिपोर्ट. एलएफटी दुसऱ्याच दिवशी आलेली, एसजीपीटी वाढलेलं, त्यामुळे मॅडमनी बाईल अॅसिडची वाट न बघता गोळ्या सुरू केल्या (उर्सोच्या, म्हणजे पित्त पुढे सरकायला मदत करणाऱ्या; खाज थोडी कमी झाली, गेली नाही).

आकडा आला ४६. रिपोर्टवर लाल रंगात, शेजारी नॉर्मल १० पर्यंत. घाम फुटला. पण ती रेंज गरोदर बाईची नाहीच, ब्रिटनच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये गरोदरपणात १९ आणि वर वाढलेलं धरतात, ४० ते ९९ मध्यम, १०० आणि वर गंभीर. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात १०० च्या वर गेलेल्यांमध्ये बाळ पोटातच दगावण्याचं प्रमाण ३ टक्क्यांच्या पुढे होतं, त्याखाली बरंच कमी. म्हणून आकडा महत्त्वाचा आणि म्हणून तो परत परत बघावा लागतो. रिपोर्टवर गरोदर असल्याचं लिहिलेलं असूनही लॅबला ही एक ओळ छापता येत नाही, पण अॅपवरून 'तुमच्या लिव्हरसाठी डाएट प्लॅन घ्या ४९९ मध्ये' हा मेसेज मात्र ५ मिनिटांत आला.

पुढच्या वेळी मी शहाणी झाले, थेट विचारलं सॅम्पल कुठे जाणार, रिपोर्ट कुठल्या तारखेला, आणि सोमवारी सकाळी दिलं म्हणजे मध्ये रविवार येत नाही. तेव्हा दोन दिवसांत आला, ५२.

३८व्या आठवड्यात कळा आणून डिलिव्हरी केली, मुलगी झाली, मजेत आहे. खाज आठवड्याभरात गायब. ६ आठवड्यांनी लिव्हर परत तपासायला सांगितलंय, पुढच्या खेपेला पुन्हा होऊ शकतं हेही मॅडमनी सांगून ठेवलंय. एलएफटीसाठी लॅब हीच लावलीये, तोच दादा येणार असेल तरच असं बुकिंगमध्ये लिहून टाकलंय, बघू कोण येतंय.