‘व्हर्च्युअल बॉय, कधी खोललेला नाही’: वाशीच्या पार्किंगमध्ये झालेला सौदा

ठाण्यापासून नेरूळपर्यंतच्या पट्ट्यात एक माणूस व्हर्च्युअल बॉय, म्हणजे निन्टेन्डोचा डोळे लावून बघायचा जुना गेम कन्सोल, विकतोय. फोटोत निळ्या फुलांच्या चादरीवर ठेवलेलं लाल-काळं धूड, खाली दोन पायांचा स्टँड, सोबत मारिओज टेनिस आणि वॉरिओ लँड अशा दोन कॅसेट. मी घेतला तेव्हा जाहिरातीत लिहिलं होतं, ‘मामांनी अमेरिकेहून आणलेला, माळ्यावर पडून होता, कधी खोललेला नाही, एकदम चालू.’ आता नव्या जाहिरातीत मामा दुबईचे झालेत. चादर तीच आहे. भाव 28 हजार सांगतो, घासाघीस केली की 24 वर येतो. जुन्या गेमिंगचा नाद असणाऱ्यांनी पुढचं वाचून मगच त्याला फोन करावा.

आधी यंत्राबद्दल सांगतो, कारण फसवणुकीची सगळी गोम त्याच्या रचनेतच आहे. निन्टेन्डोने हा 21 जुलै 1995 ला जपानमध्ये आणि पुढच्या महिन्यात अमेरिकेत बाजारात आणला. बनवणारे गनपेई योकोई, म्हणजे गेमबॉय हा हातात धरून खेळायचा कन्सोल बनवणारे. अमेरिकेत किंमत 179.95 डॉलर. जपानमध्ये त्याच डिसेंबरात गाशा गुंडाळला, अमेरिकेत 1996 च्या सुरुवातीला. एकूण विक्री सुमारे 7 लाख 70 हजार, गेम निघाले अवघे 22. जपान आणि उत्तर अमेरिका सोडून तो कुठेच विकला गेला नाही, दुबईत तर नाहीच. आपण तेव्हा टीव्हीला जोडायच्या नकली कन्सोलवर कॉन्ट्रा खेळत होतो. त्यामुळे इथे जो व्हर्च्युअल बॉय दिसतो तो कुणाच्या तरी बॅगेतून आलेला असतो आणि मामांची गोष्ट चटकन पटते.

लोक ह्या यंत्राला हसतात. रंग एकच, लाल, कारण त्या वेळी लाल एलईडी स्वस्त होते आणि बॅटरी कमी खात. डोक्याला बांधता येत नाही, टेबलावर ठेवून मान वाकवून त्यात तोंड खुपसावं लागतं. मान अवघडते, डोळे थकतात, शेजारी बसलेल्याला काही म्हणजे काही दिसत नाही. सगळं कबूल. पण एकदा डोळे लावून बघा. आत टीव्हीसारखा पडदा नाही, त्यामुळे चित्राला चौकट जाणवत नाही. जिथे दिवा पेटलेला नाही तिथे निव्वळ अंधार. टीव्हीचा काळा हा करडाच असतो, हे मला तेव्हा कळलं. वॉरिओ लँडमध्ये वॉरिओ उडी मारून मागच्या थरात जातो, तिथे इवलासा होऊन चालत राहतो, आणि मधलं अंतर हात घालून मोजावंसं वाटतं. रेड अलार्म नावाच्या गेममध्ये तर नुसत्या रेघांचे बोगदे आहेत, तरी अंगावर येतात. माझ्या मते त्या दशकातल्या दुसऱ्या कुठल्याही घरगुती कन्सोलने इतकी खरी खोली दाखवली नाही. माझं हे मत घरात कुणालाच पटत नाही, तो भाग वेगळा.

आणि नेमकं हेच फोटोत येत नाही. प्रत्येक डोळ्यासाठी आत 224 बारीक लाल एलईडींची एकच उभी ओळ असते आणि समोर वेगाने हलणारा आरसा. आरसा ती ओळ आडवी पसरवतो, म्हणून आपल्याला 384 बाय 224 ठिपक्यांचं अख्खं चित्र दिसतं. एका एलईडीचा संपर्क तुटला की चित्रात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ मरते. हा संपर्क जोडणारी फ्लेक्स केबल, म्हणजे पातळ लवचीक पट्टी, सोल्डर केलेली नाही, चिकटवलेली आहे. आता तो गोंद तीस वर्षांचा झाला. रेघा जाणं हा ह्या यंत्राचा ठरलेला आजार आहे. उष्णता देऊन केबल दाबली की गोंद पुन्हा धरतो. काही तास टिकतो, नशीब असेल तर काही आठवडे.

भेट वाशीला ठरली, स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये, मे महिन्यातल्या भर दुपारी. “दादा, बाहेर नको, उजेडात काही दिसायचं नाही. गाडीतच बसून बघा,” म्हणाला. बोलणं रास्त होतं. यंत्र हातात घेतलं तर गरम. “गाडीत होता ना, तापलाय,” हेही रास्त. अडॅप्टर नव्हता. “अमेरिकन आहे, 110 वर चालतो, इथे लावलात तर उडेल,” हे तर शंभर टक्के खरं. नवे सहा पेन्सिल सेल त्याने स्वतःच आणले होते, कंट्रोलरच्या मागच्या डब्यात घातले, बटण सरकवलं. चित्र स्वच्छ. दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून बघितले, एक रेघ गेलेली नव्हती. मी टेनिस खेळत बसलो. थोड्या वेळाने गेमने स्वतःच थांबून विश्रांती घ्यायला सांगितलं, तशी सोय ह्या गेममध्ये असतेच. त्याने लगेच बटण बंद केलं. “डोळ्यांना वाईट असतं दादा, कंपनीच सांगते.” पैसे यूपीआयने घेतले, कॅसेट कागदात गुंडाळून दिल्या, वर पुलापर्यंत सोडू का विचारलं. इतका सभ्य माणूस.

रात्री घरी, ठाण्याच्या चरईत, एसी लावलेल्या खोलीत, डाव्या डोळ्याला वरच्या बाजूला रेघा जायला लागल्या. यंत्र गार होत गेलं तशा वाढल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उजवा डोळाही सुरू झाला. त्याला व्हिडिओ पाठवला. पहिलं उत्तर, ‘कॅमेऱ्यामुळे तसं दिसतं दादा.’ मग, ‘ट्रेनमध्ये धक्का लागला असेल.’ मग, ‘तुम्ही चेक करूनच घेतलात ना?’ त्यानंतर मला ब्लॉक केलं.

त्याचं पितळ उघडं पडलं ते ठाणे स्टेशनबाहेर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका पोराच्या टेबलावर. ह्या यंत्राचे स्क्रू खोल भोकांत असतात आणि त्यांना निन्टेन्डोचा खास पाना लागतो. पोराने टॉर्च मारली तर एका स्क्रूच्या डोक्यावर ताजे, चकचकीत ओरखडे. ‘कधी खोललेला नाही’ तिथेच संपलं. आत केबलच्या टोकाशी प्लॅस्टिक किंचित वितळून सुरकुतलं होतं. “साहेब, ब्लोअर मारलाय ह्याला. आणि हे काय घातलंय बघा.” एलईडीच्या पट्टीमागे केबल दाबून राहावी म्हणून जाड कागदाची घडी कोंबलेली होती, दोन्ही डोळ्यांना एकेक. त्याने चिमट्याने एक बाहेर काढून उलगडली. दिनदर्शिकेचा तुकडा निघाला, त्यावर मार्चच्या तारखा आणि गुढीपाडव्याचं चित्र. तारीख नि वार जुळवून बघितले, यंदाचाच पाडवा! माळ्यावर धूळ खात पडलेल्या यंत्राच्या पोटात दोन महिन्यांपूर्वीचा कागद.

पोलिसांत अर्ज दिला. हवालदारांनी तो तुकडा उलटसुलट करून बघितला, चॅटचे स्क्रीनशॉट घेतले. प्रकरण पुढे सरकेल तेव्हा सरकेल. समोरासमोर बघून घेतलेल्या जुन्या मालाचं असंच असतं. मात्र टोकन पाठवलं आणि माल आलाच नाही, असं कुणाचं झालं असेल तर सायबर फसवणुकीच्या 1930 ह्या हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा, उशीर केला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात.

घ्यायचाच असेल तर यंत्र गार असताना बघायचा आग्रह धरा. उन्हातली गाडी, विक्रेत्याने नुकतंच चालवून ठेवलेलं यंत्र, दोन्ही नकोत. विक्रेत्याच्या घरी पंख्याखाली बसून तासभर चालवा आणि एकेक डोळा झाकून बघा. विश्रांतीचा फलक आला तर विश्रांती घ्या, पण यंत्र बंद करून बॅगेत भरू देऊ नका. व्हिडिओ मागवलात तर एवढं लक्षात ठेवा, कॅमेऱ्यामुळे येणारा पट्टा सरकत राहतो, बिघाडाची रेघ आडवी असते आणि एकाच जागी ठाम बसते. स्क्रूच्या भोकांत टॉर्च मारा.

आणि ‘कधी खोललेला नाही’ ह्याला भुलायचं काही कारण नाही. दुसऱ्या जुन्या कन्सोलच्या बाबतीत तो गुण असेल, इथे त्याचा अर्थ एवढाच, की गोंद अजून मूळचाच आहे आणि आज ना उद्या सुटणार. विचारायचं ते हे, की केबल सोल्डर केली आहे का? केली असेल तर कुणी केली, आतले फोटो आहेत का? असा व्हर्च्युअल बॉय दोन-चार हजार जास्तीने मिळाला तरी स्वस्त. माझा तो ठाणे स्टेशनबाहेरच्या दुरुस्तीवाल्या पोराने ब्लेडने केबलवरचा थर खरवडून एकेक तार सोल्डर केली, दोन्ही डोळ्यांची मिळून 3,500 मजुरी घेतली. उजवा डोळा आता लख्ख आहे, डाव्यात अगदी तळाला एक रेघ अजून गेलेली आहे, आणि ती सुधारायला तो पुन्हा खोलायला तयार नाही.