खानापूरच्या चिखलासाठी: जुनी जिप्सी की एमएम ५४०?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात जायचं तर माझं मत मारुतीच्या जिप्सीला. गाडी हलकी, म्हणून लाल चिखलात कमी रुतते आणि रुतली तर चार माणसं ढकलून काढतात. जिप्सी किंगचं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन घाटात मोकळं पळतं. पण इग्निशनला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेला, पाणी सोसत नाही. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण आणि प्लगच्या वायरी मृगाआधी तपासाच.

महिंद्राच्या एमएम ५४० जीपचं २.१ लिटरचं प्यूजो डिझेल संथ, पण चढाला कमी आरपीएमवरही दम धरतं. डिझेलचा पंप यांत्रिक, स्पार्क प्लग नाहीत. एअर फिल्टरमध्ये पाणी शिरलं नाही तर ओढा निमूट पार होतो. शेतातून भरल्या ट्रॉलीसकट यायचं असेल तर हीच घ्या. बुश, पिना उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर करून मिळतात, हे बेळगावकरांचं भाग्यच!

कमानपाटे दोन्हींना, त्यामुळं पाठीला आराम कुठंच नाही. रोज शहरात फिरायचं तर जिप्सीच बरी.

इंजिन बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओची परवानगी काढा. पंधरा वर्षांनंतर फिटनेस करून आरसी नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा नोंद जुळली नाही तर गाडी अडकते.