क वर्ग नगरपरिषदेचा ध्वज आणि सोलापूरचे भरतकाम

आमच्या नगरपरिषदेच्या वर्धापनदिनासाठी लागणारा ध्वज आणि सभागृहाच्या भिंतीवरील बोधचिन्ह आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातील एका कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातून करून घेतले. या कारखान्याचा मुख्य व्यवसाय शालेय गणवेशाच्या खिशांवर शाळांची चिन्हे भरण्याचा आहे, त्यामुळे चिन्हातील कोणता तपशील धाग्याला पेलेल आणि कोणता पेलणार नाही, हे तेथील मंडळी कागद पाहताक्षणी सांगतात.

आमची नगरपरिषद क वर्गातील, म्हणजे 40,000 च्या आतील लोकसंख्येची. बोधचिन्ह मात्र एखाद्या महानगराला पुरेल इतके भरगच्च आहे. एका वर्तुळात बुरूज, ज्वारीचे कणीस, डाळिंब, दातेरी चाक, उघडे पुस्तक आणि उगवता सूर्य, शिवाय खाली फितीवर संस्कृत ब्रीदवाक्य. पत्राच्या माथ्यावर हे सारे शोभते, कारण कागद हातात धरून वाचता येतो. ध्वज मात्र खाली उभे राहून, वाऱ्यावर हलत असताना पाहायचा असतो. "एवढे सगळे भरले तर लांबून शेंगाचटणी सांडल्यासारखे दिसेल," असे मालक म्हणाले, तेव्हा आमच्यापैकी काहींना राग आला आणि आम्ही मूळ चिन्हाचाच नमुना मागितला.

नमुना पाहिल्यावर राग ओसरला. फितीवरील अक्षरे लहान असल्याने धाग्याच्या जाडीने त्यांच्या पोकळ्या भरून गेल्या होत्या, अनुस्वार शिरोरेषेला चिकटले होते, चाकाचे दाते एकमेकांत मिसळले होते आणि दाट टाक्यांच्या कडेने कापडाला चुण्या पडल्या होत्या. नॉर्वेतील नगरपालिकांची मानचिन्हे सहसा एक धातू आणि एक रंग, म्हणजे सोनेरी किंवा रुपेरी आणि त्याच्या जोडीला एखादा गडद रंग, एवढ्यावरच भागवतात. ही काटकसर दुरून ओळख पटावी म्हणूनच असते. मालकांना हा दाखला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्यांनी सुचवलेला आराखडा नेमका तसाच निघाला: गडद हिरव्या कापडावर पिवळा बुरूज आणि त्यावर एकच कणीस. ध्वजावर अक्षर एकही नको, कारण मागच्या बाजूने ते उलटे दिसते. ते टाळायला दुहेरी कापड वापरावे, तर ध्वज जड होतो आणि साध्या वाऱ्याला फडकत नाही. ब्रीदवाक्य भिंतीवरच्या मखमली चिन्हात मोठ्या अक्षरांत घेतले आणि ते फार देखणे उतरले आहे.

एका सदस्यांना ध्वजावर सिंहमुद्राही हवी होती. राजमुद्रेच्या वापरावर 2005 च्या कायद्याने बंधने आहेत, असे सांगून मालकांनी ते काम सरळ नाकारले. राष्ट्रध्वजाशेजारी लावायचा असेल, तर हा ध्वज त्याहून उंच नको, हेही त्यांनीच बजावले. 1930 च्या एप्रिलमध्ये ज्या शहराने आपल्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज चढवला, त्या शहरातील कारागिराकडून हे ऐकताना बरे वाटले.

तक्रारी दोन आहेत. हिशेब हजार टाक्यांच्या दराने होतो आणि पंचिंगचे, म्हणजे मशीनसाठी आराखडा तयार करण्याचे, पैसे वेगळे पडतात, हे आधी स्पष्ट न सांगितल्यामुळे अंतिम बिल आमच्या अंदाजाबाहेर गेले. दुसरे असे, की दोरी ओवण्याच्या पट्टीला एकेरी शिवण होती आणि ती पहिल्याच आठवड्यात उसवली. ती त्यांनी विनामूल्य दुहेरी करून दिली, मात्र त्यासाठी सोलापूरची आणखी एक खेप झाली. कामाला जाणाऱ्यांनी बोधचिन्हाची मूळ रेखाकृती सोबत न्यावी. आम्ही लेटरहेडचा मोबाइलवर काढलेला फोटो नेला होता आणि त्यातला बुरूज त्यांना आधी पाण्याची टाकी वाटला.