टफ की बेसॉल्ट? अणुकचऱ्यासाठी ज्वालामुखी खडक निवडताना

अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन ज्वालामुखी खडकात कायमचं पुरावं का, असं कुणी विचारलं तर मी आधी एवढंच विचारेन: कुठल्या ज्वालामुखी खडकात? राखेपासून झालेला टफ आणि लाव्हा थिजून झालेला बेसॉल्ट यांचं पाण्याशी वागणं पार वेगळं असतं. सुदैवाने दोघांचीही कसून तपासणी एकाच देशात, एकाच काळात झाली आहे. अमेरिकेच्या 1982 च्या अणुकचऱ्याबाबतच्या कायद्यानुसार जागांचा शोध सुरू झाला आणि मे 1986 मध्ये तीन जागा उरल्या: नेवाडातल्या युक्का माउंटनचा टफ, वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डचा बेसॉल्ट आणि टेक्सासमधला मिठाचा थर. मिठाचा विषय वेगळा, तो इथे घेत नाही.

युक्का माउंटनचा टफ सुमारे 1 कोटी 28 लाख वर्षांचा आहे. उसळलेली तापलेली राख खाली बसली आणि स्वतःच्याच उष्णतेने एकजीव झाली. जागेचं खरं आकर्षण कोरडेपणात होतं. वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस नाही, कचरा ठेवायचे बोगदे डोंगरमाथ्याखाली सुमारे 300 मीटरवर, आणि भूजल पातळी त्याहूनही साधारण 300 मीटर खोल. कचरा पाण्यात बुडणारच नाही, ही मूळ कल्पना. खालच्या थरांतल्या झिओलाइट या खनिजामध्ये कचऱ्यातली सिझियम आणि स्ट्रॉन्शियम ही किरणोत्सारी मूलद्रव्यं अडकतात, हा जोडीचा फायदा.

पण कोरड्या खडकाच्या भेगांत हवा असते, आणि हवेत ऑक्सिजन. युरेनियम ऑक्साइडचं इंधन ओलसर हवेत ऑक्सिडाइझ होतं आणि मग पाण्यात बरंच सहज विरघळतं. टेक्नेशियम आणि नेप्च्युनियम ही कचऱ्यातली आणखी दोन किरणोत्सारी मूलद्रव्यंही अशा पाण्याबरोबर निघून जातात, झिओलाइट त्यांना फारसं धरत नाही. म्हणून तिथल्या आराखड्यात निकेलच्या खास मिश्रधातूचे डबे आले, त्यांवर टायटॅनियमची छपरं आली. खडकाची उणीव धातूने भरून काढायची, असा तो हिशेब होता. 1990 च्या दशकात बोगद्यातल्या नमुन्यांत क्लोरीन-36, म्हणजे क्लोरीनचं किरणोत्सारी रूप, सापडलं. पॅसिफिकमधल्या 1950 च्या दशकातल्या अणुचाचण्यांतून ते हवेत पसरलं होतं. ते 300 मीटर खाली पोचलं असेल, तर पावसाचं काही पाणी भेगांवाटे 50 वर्षांच्या आत तिथवर उतरलं, असा त्याचा अर्थ. नंतरच्या तपासणीत हे निष्कर्ष जुळले नाहीत आणि वाद समाधानकारक मिटला नाही. तरी सगळी गणितं हजारो वर्षांच्या संथ झिरपण्यावर बेतलेली असताना असा एक नमुनाही मला गंभीर वाटतो.

ज्वालामुखीची भीती लोकांना सर्वांत आधी वाटते. जवळच्या लॅथ्रॉप वेल्सचा ज्वालामुखी शंकू जेमतेम 80 हजार वर्षांचा आहे, ही गोष्ट खरी. पण तज्ज्ञांच्या अंदाजाने पुरलेल्या कचऱ्याच्या साठ्यातूनच लाव्हा वर येण्याची शक्यता वर्षाला काही कोटींत एक आहे. मला पाण्याचा प्रश्न यापेक्षा मोठा वाटतो.

हॅनफर्डला सगळं उलट. साठा सुमारे 900 ते 1000 मीटर खोल, भूजलाने पूर्ण भरलेल्या खडकात. ऐकायला वाईट, पण रसायनशास्त्र बेसॉल्टच्या बाजूने आहे. त्यातलं लोह पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि अशा पाण्यात युरेनियम जवळपास विरघळत नाही. भेगाही माती आणि झिओलाइटने बुजलेल्या असतात. पुणे-नाशिक-जळगावच्या खडकात दिसणारे झिओलाइटचे स्फटिक हे त्याच कुळातले.

निव्वळ खडक म्हणून मी बेसॉल्ट निवडेन. जागा म्हणून हॅनफर्ड मात्र नाकारेन. इतक्या खोलीवर खडकाचं तापमान 50 अंशांच्या आसपास होतं. आडवा ताण एवढा की छिद्रातून काढलेला खडकाचा दंडगोल नमुना चकत्याचकत्यांनी तुटत होता. तिथे माणसं उतरवून बोगदे खणणं धोक्याचं आणि महागाचं. शिवाय बेसॉल्टचा थर एकसारखा नसतो: मधला भाग घट्ट, वरचा सच्छिद्र. विहीर खणणाऱ्यांना ठाऊक असतं की पाणी मांजऱ्या (सच्छिद्र) खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात लागतं. हॅनफर्डलाही हे सांधे पाणी वाहून नेत होते, आणि कोलंबिया नदी त्या जागेतूनच वाहते.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्याच 1986 च्या विश्लेषणात पाच जागांपैकी युक्का पहिली आणि हॅनफर्ड शेवटची आली होती. तरी अंतिम तिघांत हॅनफर्ड होतं. खडकांचं वैविध्य हवं, असं कारण दिलं गेलं. डिसेंबर 1987 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा बदलून फक्त युक्का ठेवलं. नेवाडाने आणि तिथल्या मूळ रहिवासी वेस्टर्न शोशोनी लोकांनी विरोध केला, 2002 मध्ये राज्याचा नकार काँग्रेसने बाजूला सारला, 2008 मध्ये परवान्याचा अर्ज गेला आणि पुढे निधीच थांबला. तुलना पूर्ण होण्याआधी निवड झाली, हे मला या प्रकरणातलं सर्वांत मोठं नुकसान वाटतं. युक्काच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगायला हवी: सुमारे 8 किलोमीटरचा बोगदा खणून शास्त्रज्ञांनी तो खडक आतून पाहिला. हॅनफर्डला तेवढ्या खोलीवर कुणी उतरलंच नाही.

आपल्याकडे दख्खनचा बेसॉल्ट आहे म्हणून तो आपोआप योग्य ठरत नाही. कोयनेला छिद्रं घेतली तेव्हा बेसॉल्टची जाडी सुमारे सव्वा किलोमीटरच्या आतच संपली आणि खाली ग्रॅनाइट लागला. 1967 चा भूकंप तिथलाच. भारतीय शोधाचा भर ग्रॅनाइटवर राहिला, आणि मला तो बरोबर वाटतो.

तरीही कुणी बेसॉल्टच्या जागेचा अहवाल हातात दिला, तर आधी छिद्रं कशी घेतली ते पाहा. बेसॉल्टचे स्तंभ उभे असतात आणि त्यांच्यामधल्या भेगाही उभ्याच. सरळ खाली गेलेलं छिद्र दोन भेगांच्या मधून अलगद निघून जातं आणि खडक अखंड असल्याचा भास होतो. तिरकी छिद्रं घेतलेली नसतील, तर भेगांबद्दलचा आकडा स्वीकारू नका.