कागद खरे होते, घरमालक खोटा होता

भाड्याच्या घरात फसवणूक कशी होते, हे कुणाला नव्याने सांगण्याची गरज नाही. फोटोतला फ्लॅट प्रत्यक्षात नसतो, लष्करात अधिकारी असल्याचे सांगणारा कुणीतरी क्यूआर कोड पाठवतो, एकाच घराची अनामत चार कुटुंबांकडून घेतली जाते. हे सगळे प्रकार मलाही ठाऊक होते आणि म्हणूनच प्रत्यक्ष घर पाहिल्याशिवाय, नळ सोडून पाण्याचा दाब तपासल्याशिवाय आणि मालकीचे कागद मागितल्याशिवाय मी एक रुपयाही दिला नव्हता. तरीही माझे १,१५,२०० रुपये गेले. त्यात एक लाख अनामतीचे आहेत. उरलेला हिशेब पुढे येईलच.

मे २०२५ मध्ये नोकरी बदलून मी अकोल्याहून पुण्यास आलो. कंपनी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, तिच्या अतिथिगृहात राहण्याची मुभा जेमतेम पंधरा दिवसांची, आणि मुलगी नववीत जाणार असल्याने शाळाप्रवेशासाठी इथला पत्ता तातडीने हवा होता. आमच्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आठवडाभर उशिरा उघडतात. इकडे १६ जूनलाच घंटा होणार होती. पुण्यात सकाळी पाहिलेले बरे घर संध्याकाळपर्यंत गेलेले असते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या घाईचा अर्थ कळेल. ज्यांना कळणार नाही त्यांनी ‘एवढी घाई कशाला केली’ हा प्रश्न कृपया विचारू नये, कारण तो नातेवाइकांनी पुरेसा विचारून झाला आहे.

शहराच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटची जाहिरात ‘थेट मालकाकडून, दलाली नाही’ अशी होती. भाडे २३,५०० रुपये, अनामत एक लाख. पन्नाशीच्या आसपासचा एक गृहस्थ किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला, वॉचमनने त्याला उठून नमस्कार केला आणि त्याने न मागताच एक फाईल माझ्यापुढे ठेवली. तीत इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीखताचा सरकारी गोषवारा होता, महावितरणचे बिल होते, महापालिकेच्या मालमत्ता कराची पावती होती आणि आधार कार्डाची झेरॉक्स होती. चारही कागदांवर एकच नाव होते आणि आधारवरचा फोटो समोर उभ्या असलेल्या माणसाचाच होता. मी तेवढ्यावर थांबलो नाही. रात्री नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन त्या फ्लॅटचा इंडेक्स टू स्वतः शोधला आणि तिथेही तेच नाव निघाले. सामान्य माणसाने याहून अधिक खात्री कशी करून घ्यायची, हे मला शहाणपण शिकवणाऱ्यांपैकी कुणालाही अजून सांगता आलेले नाही.

त्या फाइलीतले तीन कागद अस्सल होते. खोटे होते ते फक्त आधार आणि ते दाखवणारा माणूस. तो त्या घराचा भाडेकरू होता. खरे मालक नाशिकला राहतात आणि त्या फ्लॅटमध्ये ते कधीच राहिलेले नाहीत. त्यांच्याकडून याने जानेवारीत अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर, १९,००० रुपये भाडे आणि ४०,००० रुपये अनामत ठरवून घर घेतले, चार महिने भाडे वेळेवर भरले, त्या काळात त्यांच्या कागदांच्या प्रती मिळवल्या, आधारवर स्वतःचा फोटो चढवला आणि मग मालक होऊन तेच घर मला भाड्याने दिले.

आता ज्या क्षणी हे सगळे थांबायला हवे होते, त्याविषयी. रिकाम्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा राहून मी टोकनचे ५,००० रुपये यूपीआयने पाठवत होतो. त्याने सांगितलेला नंबर टाकला आणि पडद्यावर एका बाईचे नाव आले; आडनाव फाइलीतल्या आडनावाहून वेगळे होते. पिन टाकण्याच्या रकान्यावर माझा अंगठा थांबला. मी मान वर करून त्याला विचारलेसुद्धा. “बायकोचं खातं आहे हो. माहेरचं नाव बदलायचं राहूनच गेलंय,” तो हसून म्हणाला. आता माझ्या पत्नीचे बँकेतले खाते लग्नाला इतकी वर्षे होऊनही माहेरच्याच नावावर आहे; मी या उत्तरावर संशय घ्यायचा तो कोणत्या तोंडाने? मी पिन टाकला. दोन दिवसांनी उरलेले ९५,००० रुपये त्याच नंबरवर गेले आणि त्या वेळी तर मी नाव वाचलेही नाही. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करतानाही समोरच्या खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय बँकांना करायला लावली आहे. नाव दाखवले जाते. ते पाहून हात आखडता घेण्याचे काम मात्र आपल्याकडे राहते. इंडेक्स टूवर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात अनामत भरा. बायको, मेहुणा, मुलगा, फर्मचे खाते, समोरचा काहीही सांगो, दुसऱ्या नावावर छदामही पाठवू नका.

दुसरी खूण पॅनची. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले की घरभाडे भत्त्याच्या (एचआरए) सवलतीसाठी घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणून मी तो मागितला. त्यावर त्याने आढेवेढे घेतले आणि “तुम्ही एचआरए दाखवू नका, मी भाड्यात हजार कमी करतो,” असे सुचवले. भाडे २२,५०० रुपये ठरले. पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेल्या कुणालाही विचारा, खरे मालकही अगदी हेच बोलतात. उत्पन्न लपवणाऱ्या घरमालकांनी ही रीत इतकी रुळवून ठेवली आहे की तिच्या आडोशाने एखादा भामटाही बिनदिक्कत निसटतो, आणि नंतर मूर्ख ठरतो तो भाडेकरूच.

करारनाम्याच्या वेळी त्याने सांगितले की अंगठ्याचे मशीन घेऊन येणारा एजंट गावाला गेला आहे, तेव्हा आत्ता नोटरी करून घेऊ आणि नोंदणी पुढच्या महिन्यात करू. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का बसला आणि ‘करारनाम्याचा खर्च’ म्हणून माझ्याकडून ३,२०० रुपये घेतले गेले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपल्याकडचा नेहमीचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. शुल्क तरी किती? एकूण भाडे आणि अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले व्याज मिळून जी रक्कम होते तिच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे आमच्या बाबतीत साधारण ६४२ रुपये, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणी कार्यालय मालकी तपासून देत नाही, हे खरे. पण तिथे आधारशी जुळणारा अंगठा द्यावा लागतो, आणि दुसऱ्याच्या नावाने वावरणारा माणूस नेमका तोच देऊ शकत नाही. ‘नोटरी चालते’ हे शब्द ऐकताच तिथून उठावे.

मे, जून आणि जुलैचे भाडे मी दर महिन्याला वेळेवर भरले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी बेल वाजली आणि दारात एक वयस्कर गृहस्थ उभे होते. “तुम्ही कोण?” हा प्रश्न आम्ही दोघांनी एकमेकांना एकाच वेळी विचारला. त्यांचे तीन महिन्यांचे भाडे थकले होते, भाडेकरूचा फोन बंद होता, म्हणून ते नाशिकहून आले होते. त्यांचेही अनामत वजा जाता १७,००० रुपये बुडाले. माणूस सरळ निघाला, हे आमचे नशीब. १९,००० रुपये घेऊन त्यांनी ऑगस्टअखेरपर्यंत राहू दिले. त्यानंतर दुसऱ्या घरी सामान हलवण्याचे टेंपो आणि हमालीचे ८,५०० रुपये झाले.

त्याच संध्याकाळी मालकांबरोबर सोसायटीच्या कार्यालयात गेलो, तेव्हा जे पाहिले त्याचा राग अजून शमलेला नाही. जानेवारीतला नोंदणीकृत करार, त्या भामट्याच्या फोटोसह आणि खऱ्या नावासह, त्यांच्या फाइलीला व्यवस्थित लावलेला होता. याच कार्यालयाने मे महिन्यात माझ्याकडून ‘शिफ्टिंग चार्जेस’ म्हणून ३,५०० रुपये घेतले, पावती दिली, लिफ्टमध्ये सामान घासू नये म्हणून दहा सूचना केल्या, आणि ज्याला स्वतःच भाडेकरू म्हणून नोंदवले होते त्याचीच सही फॉर्मवर मालकाच्या रकान्यात घेतली. सचिवांचे उत्तर असे, की मालक कोण हे भाडेकरूने पाहायचे, ते सोसायटीचे काम नाही. मग ३,५०० रुपये कोणत्या कामाचे होते, यावर त्यांनी चहा मागवला. नव्या घराचे टोकन देण्याआधी सोसायटीच्या दप्तरात मालकाचा जो मोबाईल नंबर आहे तो मागून घ्या आणि जाहिरातीतल्या नंबरवर नव्हे, त्या नंबरवर फोन करा. वॉचमनच्या नमस्कारावर जाऊ नका. तो किल्ली बाळगणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करतो.

पोलिसांकडे गेलो ते या समजुतीने, की आरोपीचे खरे नाव, फोटो, पॅन आणि अंगठा सरकारच्याच नोंदणी दप्तरात असल्यावर आता उशीर कशाला होईल. ठाणे अंमलदारांनी कागद न उघडता सांगितले, “हा दिवाणी वाद आहे, वकील गाठा.” दुसऱ्याचे नाव घेऊन, बनावट आधार दाखवून एक लाख रुपये उकळणे हा दिवाणी वाद कसा, असे विचारल्यावर सूर बदलला आणि पैसे ऑनलाइन गेले असल्याने सायबरकडे जा, असा सल्ला मिळाला. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथे सांगण्यात आले की इतक्या महिन्यांनी रक्कम गोठवता येणे कठीण आहे, आणि ती तक्रार पुढील कारवाईसाठी पाठवली गेली ती जिथून मी निघालो होतो त्याच ठाण्याकडे. त्यांचे म्हणणे आता असे झाले होते, की तोतयेगिरी मालकाच्या नावाची झाली आहे, तेव्हा फिर्याद मालकाने द्यावी. मालक म्हणाले, “या वयात मला नाशिकहून खेटे घालायला लावू नका.” तेही खरेच. माझ्या बँकेने लेखी कळवले की व्यवहार मी स्वतः पिन टाकून केला असल्यामुळे तो अनधिकृत ठरत नाही. समोरच्या बँकेने खातेदार बाईंविषयी अवाक्षर काढले नाही, आणि ती माहिती ज्यांना मागता येते ते मागत नाहीत.

भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचे आणि ३१९ तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीचे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा प्रश्न न करता नोंदवून घ्यावी लागते, तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते, आणि ठाण्याने नकार दिल्यास वरिष्ठांकडे लेखी आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. हे मला वकिलाने नव्हे, रात्री जागून वाचल्यावर कळले. हे कलम लिहून काढून समोर ठेवले, तेव्हा माझा कागद एकदाचा घेतला गेला, पण ‘तक्रार अर्ज’ म्हणून. त्यावर शिक्का मिळाला आणि मी समाधानाने घरी आलो. अर्जाची पोच म्हणजे गुन्हा दाखल होणे नव्हे, हा फरक ध्यानात ठेवा. पोच देऊन घरी पाठवणे हीच तिथली रीत आहे. उपायुक्तांच्या कार्यालयास पोचपावतीच्या टपालाने निवेदन पाठवले, ते ‘उचित कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून पुन्हा त्याच ठाण्यात आले.

त्यानंतर गणेशोत्सवाचा बंदोबस्त लागला आणि साहेब भेटेनासे झाले. उत्सव संपला तेव्हा चौकशी अधिकारी बदललेले होते. नव्या अधिकाऱ्यांनी आधीची फाईल सापडत नसल्याचे सांगून सगळे कागद पुन्हा मागवले, आणि तेही मूळ प्रतींसह. मी साक्षांकित झेरॉक्स दिल्या, दिलेल्या प्रत्येक कागदाची यादी करून तिच्यावर तारखेसह शिक्का मारून घेतला, आणि दंडाधिकाऱ्यांकडे करायच्या अर्जाचा मसुदा सध्या वकिलाकडे आहे.