पोसान्यो की कोपनहेगन? प्लास्टरचे पुतळे बघायला चित्रकाराने कुठे जावं

तुम्ही चित्रं काढता, युरोपला निघालाय, आणि प्लास्टरचे पुतळे बघायला एकच दिवस काढता येतोय, तर कानोव्हाच्या पोसान्योला जायचं की थॉरवाल्डसनच्या कोपनहेगनला? दोघंही निओक्लासिकल (प्राचीन ग्रीक-रोमन कलेकडे वळलेल्या) काळातले दादा शिल्पकार, पण दोन म्युझियममध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पोसान्यो म्हणजे इटलीत ट्रेव्हिसोकडचं छोटं गाव, गाडी नसेल तर बसच्या भरवशावर. कानोव्हा इथलाच. इथलं प्लास्टर म्हणजे नंतर काढलेली कॉपी नाही बरं का, आधी मातीचं मॉडेल, त्यावरून प्लास्टर, आणि प्लास्टरवरून मापं घेऊन मग संगमरवर, म्हणून जवळ गेलात की पुतळ्यांच्या अंगावर बारीक खिळ्यांची डोकी दिसतात, मापं त्यांच्यावरूनच घ्यायचे. जुना हॉल 1836 चा, पण खरी मजा कार्लो स्कार्पाने 1957 पर्यंत बांधलेल्या नव्या भागात. वरच्या कोपऱ्यांतल्या काचांमधून उजेड येतो आणि पांढऱ्या भिंतीसमोर पांढरेच पुतळे, ऐकायला वेडेपणा वाटतो, पण संगमरवर चमकतो आणि प्लास्टर चमकत नाही, त्यामुळे हाफटोन (उजेड आणि सावलीमधल्या छटा) असे उलगडतात की ज्यांनी अँटिक ड्रॉइंगमध्ये, म्हणजे प्लास्टरचे पुतळे बघून चित्रं काढण्यात, कोळसा झिजवलाय त्यांना लगेच कळेल. (सेल्फीसाठी टेकू मात्र नका, 2020 मध्ये एका पर्यटकाने नेपोलियनची बहीण पाओलिना हिच्या इथल्या पुतळ्याच्या पायाची बोटं मोडली.)

कोपनहेगनचं बरोब्बर उलटं. 1848 चं म्युझियम, भर शहरात, भिंती गडद रंगाच्या, त्यामुळे शेडिंगपेक्षा आउटलाइन आधी डोळ्यात भरते. आणि चित्रकारांवर काय परिणाम झाला ते इथे त्याच दिवशी पडताळून बघता येतं. डॅनिश चित्रकार एकर्सबर्ग रोममध्ये थॉरवाल्डसन राहायचा त्याच घरात राहायचा, 1814 ला त्याचं पोर्ट्रेट केलं, 1818 ला कोपनहेगनच्या अकादमीत प्रोफेसर झाला, आणि त्याच्याकडे शिकलेल्या कोब्केने 1830 ला चक्क प्लास्टरच्या पुतळ्यांची खोलीच रंगवली (त्यातले पुतळे ग्रीक, अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचे), ते चित्र त्याच शहरात हिर्शस्प्रुंग कलेक्शनमध्ये आहे. कानोव्हाने रोममध्ये ज्याला हात दिला त्या इटालियन चित्रकार हाएझचं 'चुंबन' हे चित्र बघायला मात्र मिलान गाठावं लागतं.

घरचे बरोबर असतील किंवा स्केचबुक उघडायचंच नसेल तर सरळ कोपनहेगन. कोळसा आणि कागद घेऊन बसायचं असेल तर मी पोसान्योच म्हणेन, फक्त स्केचिंगला परवानगी आणि बसायला स्टूल मिळेल का ते आधी मेल करून विचारा.