डॉइचलांड सेमिस्टर टिकेट: आखेनहून वर्षभर वापरल्यानंतर

डॉइचलांड सेमिस्टर टिकेट म्हणजे जर्मनीतल्या विद्यार्थ्यांचं देशभर चालणारं प्रवासाचं तिकीट. ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५, पुरतं वर्षभर मी ते वापरलं. मास्टर्सचं दुसरं वर्ष आखेनला, सहा महिने इंटर्नशिप कोलोनला आणि सुट्टी मिळाली की भटकंती, सगळं मोबाइलमधल्या एका क्यूआर कोडवर. जर्मनीला यायच्या तयारीत असलेली मुलं मला ब्लॉक्ड अकाउंटबद्दल (व्हिसासाठी खर्चाचे पैसे ठेवायचं बँक खातं) विचारतात, खोलीबद्दल विचारतात, पण तिकिटाबद्दल कोणीच विचारत नाही. माझी इंटर्नशिप पार पडली ती या तिकिटामुळे, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

तिकीट वेगळं काढावं लागत नाही, पैसे सेमिस्टर फीमध्येच धरलेले असतात. कोणालाही घेता येणाऱ्या साध्या डॉइचलांड टिकेटच्या ६० टक्के दर लागतो. हिवाळी सेमिस्टरला मला महिन्याला २९.४० युरो पडले, म्हणजे सहा महिन्यांचे १७६.४०. जानेवारी २०२५ मध्ये साधं तिकीट ४९ वरून ५८ युरोंवर गेलं, त्यामुळे उन्हाळी सेमिस्टरपासून आमचंही ३४.८० झालं. या तिकिटावर देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो, एस-बान (शहरांच्या लोकल) आणि रीजनल गाड्या चालतात. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत.

इंटर्नशिप ठरली तेव्हा मी आधी कोलोनला खोली शोधली. शेअरिंगमध्येही ६५० युरोंच्या खाली काही मिळेना. आखेनच्या वसतिगृहात मी २९० भरत होते. त्यात माझी इंटर्नशिप अभ्यासक्रमातली सक्तीची. अशा इंटर्नशिपचे दिवस परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्षाला १४० दिवसांच्या कामाच्या मर्यादेत धरत नाहीत, हा फायदा. पण तिला किमान वेतनाचा कायदाही लागू होत नाही, त्यामुळे हातात येणारे पैसे बेताचेच. मग ठरवलं, आखेन सोडायचं नाही, रोज ये-जा करायची. पहिल्या दोन आठवड्यांतच अख्ख्या सेमिस्टरच्या तिकिटाचे पैसे वसूल झाले.

पैसे वाचले, पण वेळ गेला. पहाटे सव्वापाचला उठायचं, सहाच्या सुमाराची गाडी धरायची, ष्टोलबेर्ग, एश्वायलर, ड्यूरेन, होरेम करत तासाभरात कोलोन-एरेनफेल्ड. हे झालं वेळेवर असेल तर. जानेवारीत एकदा गाडी ड्यूरेनलाच थांबली आणि ‘सगळ्यांनी उतरा’ अशी घोषणा झाली. बाहेर उणे चार. हातमोजे काढून मोबाइलवर पुढची गाडी बघायची तर बोटं चालेनात. शेजारी एक नर्सताई उभ्या होत्या, ड्यूटीचे पांढरे बूट घातलेल्या. त्यांनी काही न बोलता माझी बाही धरली आणि जिना उतरून दुसऱ्या फलाटावर नेलं. तिथून एस-बान सुटते, सगळीकडे थांबत जाते, पण कोलोनला पोचवते. त्या दिवसापासून हा दुसरा रस्ता मी पाठच करून ठेवला. रोज ये-जा करणाऱ्यानं असा एक पर्याय आधीच शोधून ठेवावा.

पुढचा धडा मला महागात पडला असता. फेब्रुवारीत परतीच्या गाडीत थंडीनं मोबाइल बंद पडला आणि लांगरवेहेच्या आधी टीसी आले. तिकीट दाखवता येईना, साठ युरोंच्या दंडाची पावती हातात. मी रडकुंडीला आले होते. पण तिकीट नावावर असल्यामुळे नंतर कार्यालयात जाऊन ते दाखवलं की दंड माफ होतो, फक्त सात युरो भरावे लागतात. तेव्हापासून पॉवर बँक आणि फोटो असलेलं ओळखपत्र माझ्या पर्समधून हललेलं नाही.

गाडी तासाभराहून उशिरा पोचली तर भरपाई मिळते, पण या तिकिटावर दर खेपेला दीडच युरो, आणि चार युरो जमल्याशिवाय पैसे देत नाहीत. तीन उशीर साठवून एकदम अर्ज करायचा. मी एकदा केला.

आता मनापासून सांगावंसं वाटतं ते ऱ्हाइनबद्दल. मे महिन्यात आई-बाबा सांगलीहून आले होते. बाबा एसटीत कंडक्टर होते. आखेनच्या स्टेशनवर ते गेट शोधत राहिले, मग म्हणाले, “तिकीट बघायला कोणीच कसं नाही गं?” मी त्यांना सगळं समजावलं, एकच तिकीट, सगळी शहरं. ते लगेच म्हणाले, “म्हणजे आपला ‘आवडेल तेथे प्रवास’ पासच की!” एवढं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं.

कोलोनहून नदीच्या डाव्या काठानं माइन्झकडे जाणारी रीजनल गाडी धरा आणि डावीकडची खिडकी पकडा. कोब्लेंझ सोडलं की बिंगनपर्यंत नदी रुळाला लागूनच असते. दोन्ही तीरांवर किल्ले, उभ्या उतारावर द्राक्षांचे मळे, पलीकडे लोरेलायचा कडा, काउबजवळ तर नदीच्या मधोमध गढी. हा सगळा पट्टा २००२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आईला ते मळे बघून तासगाव आठवलं. एवढ्या चढावर फवारणी कशी करत असतील, हेच ती विचारत होती. आम्ही बाखाराखला उतरलो, डब्यातली थालीपीठं नदीकाठी बसून खाल्ली आणि पुढच्या गाडीनं परत निघालो. आयसीईत बसलो असतो तर असं वाटेल तिथं उतरता आलं नसतं.

पाहुण्यांसाठी साधं डॉइचलांड टिकेट घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, आणि बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत करावं लागतं. मी ११ तारखेला बघितलं. आई-बाबा घरी पोचले आणि जूनचे दोघांचे ११६ युरो माझ्या खात्यातून गेले.

लांबचा प्रवासही मी करून बघितलाय. आखेन ते हाम्बुर्ग, हाम, मिंडन, हानोफर, युल्त्सन असं गाड्या बदलत. दिवस जातो, आणि एक गाडी चुकली की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. सोबत मैत्रिणी असतील तर मजा येते, एकटीनं मी पुन्हा करणार नाही. परीक्षा, मुलाखत, विमान अशा गोष्टी तर या गाड्यांच्या भरवशावर ठेवूच नयेत. डिसेंबरात घरी यायचंय, तर फ्रांकफुर्ट विमानतळापर्यंतचं आयसीईचं तिकीट मी आत्ताच काढून ठेवलंय.